‘ॲनिमेशन’ या शब्दातला प्राण

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. एक गृहस्थ एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं मराठी भाषांतर करतायत. एकाच प्रकरणात ‘ॲनिमेट’ हा शब्द त्यांना चार वेशांत भेटला. एकदा चित्रांबद्दल, एकदा रंगलेल्या चर्चेबद्दल, एकदा ‘इनॲनिमेट’ होऊन दगडविटांबद्दल आणि एकदा ‘सस्पेंडेड ॲनिमेशन’ म्हणून, म्हणजे जीव गेलेला नाही पण सगळं थांबलंय अशा अवस्थेबद्दल. शब्दकोश म्हणतो ‘सजीव करणे’, लोक म्हणतात ‘हलती चित्रं’. यातलं मूळ कोणतं, ‘ॲनिमल’ आणि ‘ॲनिमॉसिटी’ (वैर) हे याच घरातले का, आणि मराठीत लिहायचं काय, असं त्यांनी मला विचारलं. हे उत्तर त्यांनाच आहे.

मी बावीस वर्षं ॲनिमेशन करतोय, त्यातली शेवटची काही वर्षं शिकवतोही. भाषाशास्त्र हा माझा धंदा नाही. पण हा एक शब्द मी रोज तोंडाने घेतो आणि हातानेही करतो, त्यामुळे त्याच्या मागे जरा हात धुऊन लागलोय. खरी अडचण चार अर्थांची नाहीच. ‘ॲनिमेशन म्हणजे हालचाल’ हे आपण गृहीत धरतो आणि मग बाकीचे तीन अर्थ त्यात कोंबायला जातो, तिथे सगळं अडतं. शब्दाच्या मुळात हालचाल कुठेच नाही.

लॅटिनमध्ये ‘ॲनिमा’ म्हणजे श्वास, हवा, आणि त्यावरून जीव. त्यावरून ‘ॲनिमारे’ हे क्रियापद, म्हणजे जीव घालणे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो ‘प्राण देणे’ याच अर्थाने. मग ‘जोम, उत्साह’ हा अर्थ चिकटला. चित्रपटाशी त्याचं आजचं नातं जुळलं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. म्हणजे तीनशे वर्षं हा शब्द वापरणाऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर कार्टून नव्हतं.

आता आपल्याकडे या. संस्कृतात ‘अन्’ असा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात ‘श्वस प्राणने’ असं येतं आणि त्याला लागूनच ‘अन च’, म्हणजे अन् चाही अर्थ तोच, श्वास घेणे. या ‘अन्’ला ‘प्र’ लावला की ‘प्राण’. अपान, व्यान, उदान, समान ही सगळी त्याचीच भावंडं. वाऱ्याला ‘अनिल’ म्हणतात तेही इथूनच. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात, काहीच नव्हतं तेव्हाचं वर्णन करताना ‘आनीदवातम्’ असं म्हटलंय: ते एकमेव तत्त्व वाऱ्यावाचून श्वास घेत होतं. त्यातलं ‘आनीत्’ हे याच धातूचं रूप. ग्रीकमध्ये वाऱ्याला ‘आनेमोस’, म्हणून वारा मोजणारं यंत्र ‘ॲनिमोमीटर’. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांचं मूळ एकाच प्राचीन धातूत दाखवतात. तेव्हा ‘ॲनिमा’ आणि ‘प्राण’ ही चुलत भावंडं. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, दोघांचा पणजोबा एक.

आणि म्हणून ‘ॲनिमल’ आणि ‘प्राणी’ हे शब्द एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. ज्याला ॲनिमा आहे तो ॲनिमल, ज्याला प्राण आहे तो प्राणी. आपण ‘प्राणी’ म्हणतो तेव्हा त्यात श्वास आहे हे लक्षातही येत नाही, इतका तो शब्द झिजून गुळगुळीत झालाय.

जीवाची खूण म्हणून श्वासच का निवडला असेल? गाढ झोपलेला माणूस हलत नाही, तरी जिवंत असतो. वाऱ्यावर सुकलेलं पान हलतं, ते जिवंत नसतं. हालचालीवर भरवसा ठेवता येत नाही. आजारी माणसाच्या नाकाशी हात धरून बघतात तो यासाठीच. बऱ्याच भाषांनी हाच रस्ता धरलाय. इंग्रजी ‘स्पिरिट’च्या मागे लॅटिनमधला श्वास आहे, ग्रीक ‘सायकी’च्या मागे फुंकणं आहे, आणि आपला ‘आत्मन्’ हा जर्मन भाषेतल्या ‘आटेम’चा, म्हणजे श्वासाचा, नातलग आहे.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण लॅटिनमध्ये ‘ॲनिमा’ला एक पुल्लिंगी जोडीदार आहे, ‘ॲनिमुस’. त्याचा अर्थ मन, हिंमत, हेतू. ‘ॲनिमॉसिटी’ आली ती या घरातून. आधी तिचा अर्थ धडाडी असा होता, पुढे तो वैराकडे घसरला. सगळ्यांचं एक मन ते ‘युनॅनिमस’, म्हणजे एकमताने. मोठ्या मनाचा तो ‘मॅग्नॅनिमस’, मन समतोल ठेवणं ती ‘इक्वॅनिमिटी’. तेव्हा ‘वैर कुठे आणि कार्टून कुठे’ हा तुमचा गोंधळ रास्त आहे, पण नातं खरं आहे. एक श्वासाकडून आलं, दुसरं मनाकडून. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दोन खोटे नातेवाईकही दाखवून ठेवतो, कारण भाषांतर करताना पाय घसरतो तो इथेच. ‘ॲनिमिया’चा याच्याशी काही संबंध नाही. तो ग्रीक नकार आणि रक्त यांपासून झालेला, ‘रक्त नसणे’. दुसरा आपला ‘अनिमिष’. कानाला अगदी ‘ॲनिमेशन’सारखा लागतो, पण तो ‘अ’ अधिक ‘निमिष’, डोळ्याची पापणी न लवणारा. गंमत अशी की अर्थाने तो बरोब्बर उलटा आहे, आणि माझ्या धंद्यात फार उपयोगी आहे.

महाभारतात, वनपर्वात, दमयंतीच्या स्वयंवराला चार देव नळाचंच रूप घेऊन बसतात. पाच सारखे नळ समोर. खरा कोणता हे ती कशावरून ओळखते? देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि सावली पडत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही यादी देतो. पहिल्या वर्षाच्या कामात पात्र मेल्यासारखं वाटतं त्याची कारणं बहुतेक यातच सापडतात: पापणी लवत नाही, पाय जमिनीवर टेकत नाहीत, नुसते घसरतात, सावली नाही, वजन नाही. फरक इतकाच की आपल्याला देव नकोत, नळ हवा.

आता चित्रांकडे. एकोणिसाव्या शतकात फिरत्या चकत्यांची आणि नळकांड्यांची खेळणी निघाली, त्यांची नावं बघा. ‘झोट्रोप’ म्हणजे ग्रीकमध्ये जीव आणि फिरणं. पुढे ‘बायोस्कोप’ आला, त्यात ‘बायोस’ म्हणजे जीवन. ‘व्हिटास्कोप’मध्ये लॅटिन ‘व्हिटा’, तेही जीवन. बऱ्याच जणांनी यंत्राच्या नावात जीव घातला, काहींनी हालचाल. १८९०च्या दशकात इंग्रजीत ‘ॲनिमेटेड पिक्चर्स’ म्हणत ते सगळ्याच सिनेमाला, खऱ्या माणसांच्या चित्रणालाही. नंतर तो शब्द हळूहळू आकसत हाताने काढलेल्या किंवा चौकटी-चौकटीने हलवलेल्या चित्रांपुरता उरला. मला हे आकसणं योग्यच वाटतं. कॅमेऱ्यासमोरचा माणूस आधीच श्वास घेत असतो. कागदावरच्या रेषेला तो कुणीतरी द्यावा लागतो.

आणि अक्षरशः द्यावा लागतो. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांचा ‘गर्टी’ हा डायनोसॉरवरचा छोटा ॲनिमेशनपट १९१४ सालचा. गर्टीचा श्वास किती वेळाचा ठेवायचा हे ठरवायला मॅके यांनी स्वतःचाच श्वास मोजला होता. डायनोसॉर कुणी पाहिलेला नाही, त्याला श्वास द्यायचा तर दुसरं काय मोजणार?

माझा धडा मला फार नंतर आणि जरा लाजिरवाण्या पद्धतीने मिळाला. पहिल्या नोकरीत चार सेकंदांचा एक शॉट होता. एक म्हातारी खाटेवर बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकतेय, बस. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे शहाण्णव. आम्ही ‘ऑन टूज’ करायचो, एक चित्र दोन चौकटींना, म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. मी हुशारी केली. ती ऐकतेच आहे ना, मग एकच चित्र ‘होल्ड’ करू आणि अधूनमधून मान डोलवू. मान सुरेख डोलली. पडद्यावर बघितलं तर बाई मेलेली, आणि कुणीतरी मागून तिची मान हलवतंय.

मान काढून टाकली. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, मूळ चित्र ठेवलं, वर कोरा कागद पेगांत (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांत) अडकवला आणि फक्त खांद्याची आणि पदराची रेषा पेन्सिलच्या जाडीइतकी वर सरकवली. मग रेषेच्या या दोन जागांमधली चित्रं काढली. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस, म्हणजे एका श्वासाला तीन ते पाच सेकंद. माझे चार सेकंद म्हणजे नेमका एक श्वास. आत घेताना थोडा वेळ, सोडताना जास्त, आणि सोडल्यावर जरासा विसावा. मधेच एकदा पापणी. बोटांत पानं धरून पुढे-मागे फडफडवली आणि म्हातारी ऐकायला लागली. आधीच्या आवृत्तीपेक्षा या आवृत्तीत हालचाल कितीतरी कमी होती.

तुम्ही इथे मला अडवू शकता, आणि अडवावंच. १९४४ साली हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. त्रिकोणाला ना खांदा, ना छाती, ना पापणी. तरी बघणाऱ्यांनी सांगितलं की मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो दुसऱ्यांच्या मागे लागलाय, वर्तुळ घाबरलंय. इथे श्वास कुठे आहे? नाहीच. मग जीव कुठून आला?

इथे मघाची जोडी कामाला येते. त्रिकोणांत ‘ॲनिमा’ नाही, ‘ॲनिमुस’ आहे. हेतू आहे. त्रिकोण थांबतो, वळतो, मग झेपावतो. त्या थांबण्यात आपल्याला विचार दिसतो. आमच्या भाषेत याला ‘अँटिसिपेशन’ म्हणतात: उडी मारायच्या आधी पात्र खाली दबतं, कारण उडी त्याने ठरवलेली असते. चेंडू दबत नाही, त्याला कुणीतरी फेकलेलं असतं. १९७३ साली योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात त्याचं चालणं चित्रित केलं. दिसत होते फक्त दहा-बारा ठिपके. ते स्थिर होते तोवर कुणाला काही कळेना, हलताच लोकांना चालणारा माणूस दिसला. म्हणजे हालचालीला किंमत आहेच, मी ती नाकारत नाही. पण ती साक्षीदार आहे. श्वासाची किंवा मनाची साक्ष देत असेल तर ॲनिमेशन, नाहीतर नुसतं हलणं.

आपली मराठी हा फरक किती बारकाईने पाळते बघा. ज्ञानेश्वरांनी भिंत ‘चालवली’ असं आपण म्हणतो, भिंत ‘जिवंत केली’ असं कुणी म्हणत नाही. बंद पडलेलं यंत्र ‘चालू होतं’, त्याच्यात जीव येत नाही. उलट ‘जिवंत झरा’, ‘जिवंत तार’, ‘जिवंत काडतूस’ म्हणतो. काडतूस तर हलतही नाही, पण आत काहीतरी दडून आहे, म्हणून जिवंत.

आणि व्याकरणातही. ‘मी दगड उचलला’, पण ‘मी मांजराला उचललं’. निर्जीव कर्माला आपण ‘ला’ सहसा लावत नाही, जिवंत कर्माला बहुधा लावतो, माणसाला तर जवळजवळ हमखास. व्याकरणाच्या पुस्तकात याला प्राणिवाचक आणि अप्राणिवाचक म्हणतात, म्हणजे परत तो ‘अन्’ धातू आलाच. ही सीमा प्रत्येक भाषा आपापल्या जागी आखते. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे भाषेत दगडाचं नाम व्याकरणाने सजीव गटात बसतं. आपल्याकडे लहान मुलगी ‘बाहुलीला झोपवते’, तेव्हा तिने तो ‘ला’ विचार करून लावलेला नसतो.

याचा मी वर्गात उपयोग करतो. अर्धं भरलेलं पिठाचं पोतं हा आमच्याकडचा जुना सराव. हात-पाय-तोंड काही नाही, चार कोपरे आणि वजन, तेवढ्यावर राग, कंटाळा, आनंद दाखवायचा. पहिल्या आठवड्यात मुलं म्हणतात, ‘सर, पोतं इथून तिथे नेलं.’ एखाद दिवशी कुणीतरी सहज बोलून जातं, ‘सर, पोत्याला इथून जायचंच नाहीये.’ मी तेव्हा त्यांचं चित्र न बघताच पुढचा सराव देतो. (बघतो नंतर. बहुतेक वेळा ठीक असतं.)

आता तुमच्या चार जागा. संदर्भ पाहिल्याशिवाय छातीठोकपणे सांगणं बरं नाही, पण मी काय केलं असतं ते सांगतो.

चित्रांबद्दल असेल तिथे ‘ॲनिमेशन’च ठेवा. तो शब्द आता मराठी झालाय, त्याला नपुंसकलिंगही आपणच दिलंय. ‘चलचित्र’ सिनेमाने नेलं. ‘सजीवीकरण’ ऐकलं की मला प्रयोगशाळा आठवते. ‘सचेतन’ लोक वापरतात, पण ‘चेतना’ येते ‘चित्’पासून, म्हणजे जाणण्यापासून, श्वासाशी तिचं नातं नाही. मराठीत ‘चेतवणे’ला आणखी वेगळा रंग आहे, आपण आग चेतवतो. नेमका भाऊ हवाच असेल तर ‘अनुप्राणित’ आहे. धातू तोच, अर्थ तोच, पण वाक्यात ठेवलं की वाचणारा उठून उभा राहतो. प्रस्तावनेत एकदा चालेल. क्रियापद म्हणून ‘ॲनिमेट करणे’ लिहा, आणि जिथे लेखक कौतुकाने बोलतोय तिथे बिनधास्त ‘जीव ओतणे’ लिहा. आपल्याकडे तो वाक्प्रचार तयारच आहे, आणि त्यात जीव एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे मला आवडतं.

चर्चेसाठी ‘रंगलेली’. भांडणाच्या काठावर गेली असेल तर ‘तावातावाने चाललेली’. ‘सजीव चर्चा’ मात्र कृपा करून नको. दगडविटांसाठी ‘निर्जीव’ पुरेसं आहे. व्याकरणाचा मुद्दा असेल तरच ‘अप्राणिवाचक’.

चौथी जागा खरी कठीण. ‘सस्पेंडेड ॲनिमेशन’ रुळलं ते अठराव्या शतकातल्या वैद्यकात, बुडालेल्या, वरवर मेलेल्या माणसांबद्दल. अशांना वाचवायला लंडनमध्ये १७७४ साली एक संस्थाच निघाली, तिचं पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी झालं. तेव्हा छातीत हवा फुंकून माणूस परत आणायचा प्रयत्न करत, म्हणजे ‘ॲनिमेट’ हा शब्द अगदी मूळ अर्थाने चालू होता. फ्रेंचमध्ये तर आजही अतिदक्षता विभागाला ‘रेॲनिमासियाँ’ म्हणतात. तुमचं वाक्य अशा माणसाबद्दल असेल तर ‘श्वास थांबून निपचित पडलेला’ असं साधं लिहिलं तरी भागेल.

पण ते प्राण्यांबद्दल असेल तर थोडं थांबा. उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग नावाचा बेडूक हिवाळ्यात गोठतो. त्याचा श्वास थांबतो, हृदयही थांबतं, आणि ऊन वाढलं की तो वितळून उड्या मारायला लागतो. तिथे ‘प्राण गेला’ म्हणता येत नाही आणि श्वास आहे असंही म्हणता येत नाही. मी ‘जीवनक्रिया थांबलेली अवस्था’ असं लांबलचक लिहिलं असतं आणि पहिल्या वेळी कंसात ‘सस्पेंडेड ॲनिमेशन’ देऊन टाकलं असतं. ते वाक्य माणसाचं आहे की बेडकाचं, तेवढं कळवा. शक्य असेल तर मागचं-पुढचं एकेक वाक्यही पाठवा.